निक ड्रेक : उशिरा पोहोचलेला आवाज

स्वतःच शब्द रचावेत, स्वतःच त्यांस चाल द्यावी आणि स्वतःच ते गावेत, ही रीत महाराष्ट्राला नवीन नाही. डफावर थाप मारून आपलाच पोवाडा म्हणणारा शाहीर घ्या, किंवा आपलेच अभंग आळवणारा संत घ्या. त्यांच्या ठायी कवी कोठे संपतो आणि गायक कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. इंग्लंडात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकप्रिय गीतांच्या धंद्यात शब्द लिहिणारा एक, चाल बांधणारा दुसरा आणि गाणारा तिसरा, अशी वाटणी बहुधा असे. १९६० नंतरच्या दशकात ही वाटणी झपाट्याने मोडली. हातात गिटार घेऊन स्वतःचे गीत गाणाऱ्या तरुणांची एक पिढीच तेथे उदयास आली. त्या पिढीत कित्येकांना अमाप पैसा व कीर्ती मिळाली. प्रस्तुत भाषणाचा विषय असलेल्या निक ड्रेक या गायकाला मात्र हयातीत दोन्हीपैकी काहीच मिळाले नाही. त्याचे आयुष्य अवघे सव्वीस वर्षांचे. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या तबकड्या तीन, आणि त्यांतील रचना एकतीस. त्या सगळ्या ओळीने ऐकल्या तरी दोन तास पुरे होत नाहीत. असे असूनही त्याच्या मृत्यूस पन्नास वर्षे उलटल्यावर त्याचे नाव इंग्लंडच्या श्रेष्ठ गीतकारांत घेतले जाते. हे कसे घडले, आणि त्याच्या चरित्राभोवती जी एक खिन्न दंतकथा जमली आहे तीत तथ्य किती, याचा विचार करणे उद्बोधक होईल.

निकोलस रॉडनी ड्रेक याचा जन्म १९ जून १९४८ रोजी ब्रह्मदेशात, रंगून येथे झाला. त्याचे वडील रॉडनी ड्रेक हे व्यवसायाने अभियंते. ते १९३० नंतरच्या काळात 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या कंपनीच्या नोकरीत रंगूनला गेले होते. या कंपनीचे नाव मराठी माणसाला अगदीच परके वाटू नये. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली ही कंपनी ब्रह्मदेशातील सागवानाचा व्यापार करीत असे. आणि तिच्यावर बसविलेल्या दंडाचे निमित्त करूनच १८८५ साली इंग्रजांनी थिबा राजाविरुद्ध युद्ध पुकारले. राज्य गमावलेला तो राजा पुढे रत्नागिरीस बंदिवासात येऊन राहिला व १९१६ साली तेथेच वारला. रत्नागिरीतील थिबा राजवाडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांच्या ध्यानात येईल की, साम्राज्याच्या ज्या सागवानी वैभवाने एका राजघराण्याचा शेवट केला, त्याच वैभवाच्या छायेत ड्रेक कुटुंबाचा संसार उभा राहिला.

निकच्या मातोश्री मॉली या इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कन्या. १९३७ साली रंगून येथे त्यांचा विवाह झाला. पुढे १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, तेव्हा मॉली व त्यांच्या भगिनी नॅन्सी यांना हिंदुस्थानात आश्रय घ्यावा लागला. दिल्लीत असताना या दोघी बहिणी 'लॉइड सिस्टर्स' या नावाने ऑल इंडिया रेडिओवर गात असत. ज्या गायकाला पुढे सभेत तोंड उघडणे जड गेले, त्याची आई युद्धाच्या धामधुमीत दिल्लीच्या नभोवाणीवरून गात होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. निकची थोरली बहीण गॅब्रिएल, जी पुढे इंग्लंडात अभिनेत्री म्हणून प्रसिद्धीस आली, तिचा जन्म १९४४ साली लाहोर येथे झाला.

निक अगदी लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडला परतले आणि वॉरिकशायर परगण्यातील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात 'फार लीज' नावाच्या घरात स्थायिक झाले. घर मोठे, भोवती बाग, आणि बैठकीच्या खोलीत पियानो. त्या पियानोवर मॉलीबाई स्वतः रचलेली गाणी गात. रॉडनी ड्रेक यांना ध्वनिमुद्रणाची हौस होती. त्यांनी ती गाणी घरच्याच यंत्रावर फितींत उतरवून ठेवली. आपल्याकडे जात्यावर बसून ओवी रचणाऱ्या बायकांना आपण कवयित्री आहोत असे कधी वाटले नाही. दळण संपले की ओवी हवेत विरून जात असे. मॉलीबाईंचेही काहीसे तसेच होते. त्या गात ते घरच्यांपुरते. परंतु ती गाणी आज ऐकली म्हणजे मुलाच्या गीतांतील शांत विषाद, ऋतूंवरील व झाडापाण्यावरील प्रेम आणि अनपेक्षित वळण घेणारी सुरावट यांचा उगम कोठे आहे, हे सांगायला संगीतशास्त्रज्ञाची गरज उरत नाही.

निकचे शिक्षण त्या वर्गातील इंग्रज मुलांच्या शिरस्त्याप्रमाणेच झाले. नवव्या वर्षाच्या सुमारास तो वसतिगृह असलेल्या शाळेत गेला, व १९६२ साली मार्लबरो या प्रसिद्ध विद्यालयात दाखल झाला. त्याचे वडीलही याच विद्यालयाचे विद्यार्थी होते. तेथे तो पियानो, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन वाजविण्यास शिकला, आणि धावण्याच्या शर्यतींत तर शाळेचा प्रतिनिधी म्हणून उतरला. पुढील काळातील त्याची कृश, खांदे पाडून बसलेली छायाचित्रेच ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा वेगाने धावणारा उंचापुरा मुलगा ओळखूच येणार नाही. तो जन्मतःच दुःखी, जगाला पाठ फिरवून बसलेला होता, ही समजूत येथेच खोटी ठरते. मितभाषी तो होता. पण मितभाषी असणे हा रोग नव्हे.

१९६५च्या सुमारास त्याच्या हाती गिटार आली. १९६७च्या आरंभी, केंब्रिजला जाण्यापूर्वी मिळालेल्या अवकाशात, तो दक्षिण फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे काही महिने राहिला. तेथील रस्त्यांवर व मित्रमंडळींत गातागाता त्याच्या वादनाला आकार आला. या वादनाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गिटारीला सहा तारा असतात, आणि त्या सामान्यतः एका ठराविक स्वरक्रमात लावलेल्या असतात. बहुतेक वादक तोच क्रम जन्मभर ठेवतात. ड्रेक मात्र गाण्यागणिक काही तारा उतरवून निराळाच मेळ बांधीत असे. तंबोऱ्याची पहिली तार पंचमात लावावी की मध्यमात, हे आपल्याकडे रागावरून ठरते. तसेच काहीसे त्याचे होते. मेळ बदलला की मोकळ्या सोडलेल्या तारा निराळ्या स्वरात घुमत राहतात, आणि एकच वाद्य दोघे वाजवीत आहेत असा भास होतो. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर घड्याळाच्या लंबकासारखा नियमित चाले. इतर बोटे वरच्या तारांवर सुरावट विणीत. आणि या दोहोंवर त्याचा मृदू, किंचित मागे रेंगाळणारा आवाज तरंगत असे. ही कारागिरी दुःखाने येत नाही. ती तासन्तास बसून केलेल्या मेहनतीने येते.

१९६७च्या ऑक्टोबरात तो केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी दाखल झाला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत लंडनच्या 'राउंडहाउस' या सभागृहातील एका कार्यक्रमात तो गायला. त्या वेळी 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या वाद्यवृंदातील अ‍ॅशली हचिंग्ज हे तेथे होते. त्यांनी जो बॉइड या तरुण अमेरिकन निर्मात्याकडे त्याची शिफारस केली. बॉइड यांचे वय तेव्हा पंचविशीच्या घरात; परंतु त्यांचा कान तयार होता. त्यांनी ड्रेकच्या घरगुती मुद्रणाची फीत ऐकली व लगेच त्याच्याशी करार केला. त्याच्या तबकड्या काढण्याचे काम आयलंड या कंपनीकडे होते.

पहिल्या तबकडीच्या वेळची एक हकीकत त्याच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकते. काही गीतांना व्हायोलिन इत्यादी तंतुवाद्यांची साथ द्यावी असे ठरले, आणि त्यासाठी लंडनमधील एका अनुभवी संयोजकाला काम देण्यात आले. साथ तयार झाली, वादक जमले, मुद्रणही झाले. पण ड्रेकला ती पसंत पडेना. वीस-एकवीस वर्षांचा हा अबोल विद्यार्थी. त्याने वाद घातला नाही, आवाज चढविला नाही. केंब्रिजमध्ये आपला एक मित्र आहे, तो हे काम करू शकेल, एवढेच त्याने सुचविले. तो मित्र म्हणजे रॉबर्ट कर्बी, संगीताचा विद्यार्थी. धंद्यातील अनुभव शून्य. बॉइड यांनी जोखीम पत्करली, आणि कर्बीने रचलेली साथ आजही नमुनेदार मानली जाते. अपवाद एकाच गीताचा. 'रिव्हर मॅन' या गीताचे आवर्तन पाच मात्रांचे आहे. झपतालाशी परिचय असलेल्या आपल्या कानांना पाचाचा हिशेब अवघड वाटणार नाही, परंतु इंग्रजी लोकप्रिय संगीतात तो दुर्मिळ. कर्बीने तेवढे काम आपल्या आवाक्याबाहेरचे म्हणून सोडले, व ते चित्रपटांना संगीत देणारे हॅरी रॉबिन्सन यांनी केले. चेल्सी येथील 'साउंड टेक्निक्स' या मुद्रणशाळेत मध्यभागी ड्रेक गिटार घेऊन बसला, भोवती अर्धवर्तुळात तंतुवादक बसले, आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड यांनी ते गीत सलग मुद्रित केले. पुढे कित्येक रसिकांनी या गीताला त्याच्या सर्व रचनांत अग्रस्थान दिले आहे.

ही तबकडी १९६९ साली 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' या नावाने प्रसिद्ध झाली. सिगारेटच्या कागदांच्या पाकिटात शेवटची पाच पाने उरली की तसे सांगणारी एक चिठ्ठी असे. तेच शब्द तबकडीचे नाव झाले. मृत्यूनंतर येणाऱ्या कीर्तीवरचे एक गीत तीत आहे. त्याला स्वतःचे भविष्य दिसले होते, असे या गीतावरून अनेकांनी म्हटले. वस्तुतः ज्या विद्यार्थ्याच्या अभ्यासात इंग्रजी कवींची चरित्रे होती, त्याला हा विषय सुचण्यात अद्‌भुत असे काही नाही. विल्यम ब्लेक याच्या कवितेचा तो भक्त होता. आणि ब्लेक हयातीत जवळजवळ अज्ञातच राहिला, हे साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते.

तबकडी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी ड्रेकने केंब्रिज सोडले. पदवीला अवघे नऊ महिने उरले होते. ज्या ज्या घरात एखादा बुद्धिमान मुलगा अभ्यास सोडून कलेच्या मागे लागू पाहतो, त्या घरातील मंडळींना यापुढचा पत्रव्यवहार आपलाच वाटेल. पदवी पूर्ण करावी, ती पुढे अडीअडचणीला उपयोगी पडेल, सर्कशीतील झुलेकऱ्याच्या खाली जसे जाळे असते तसा तिचा आधार राहील, असे वडिलांनी लिहिले. त्यावर, असले जाळे हीच आपल्याला नको असलेली एकमेव वस्तू आहे, अशा अर्थाचे उत्तर मुलाने दिले. यात वडील संकुचित होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी मुलाला घराबाहेर काढले नाही, की त्याच्याशी बोलणे टाकले नाही. पुढे पाच वर्षे त्यांनी जे केले ते पाहता असा पिता लाभणे दुर्मिळच. आणि मुलगा उन्मत्त होता असेही म्हणता येत नाही. कारण त्याच्या पदरी तेव्हा एक अशी कृती होती की जी करायला जाणकार माणसे जन्म घालवतात. दोघांचेही खरे होते. पदवी हाती असती तर पुढचे संकट टळले असते काय, या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. आणि म्हणूनच तो प्रश्न आईबापांच्या मनाला कायमचा लागून राहतो.

लंडनमध्ये त्याने एक खोली भाड्याने घेतली व तो एकटा राहू लागला. १९६९च्या सप्टेंबरात रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, मोठ्या श्रोतृसमुदायापुढे त्याला गाण्याची संधी मिळाली, व तेथे त्याचे स्वागतही झाले. परंतु त्यानंतर गावोगावच्या क्लबांत व महाविद्यालयांत जे कार्यक्रम झाले, त्यांत त्याची फजिती झाली. प्रत्येक गाण्याला तारांचा मेळ निराळा. तो बदलायला वेळ लागे. आणि त्या वेळात चार शब्द बोलून श्रोत्यांस रिझवावे, तर ते त्याला साधत नसे. लोक आपसांत बोलू लागत, पेल्यांचा खणखणाट होई, आणि तो मान खाली घालून तारा पिळीत बसे. १९७०च्या जूनमध्ये एका महाविद्यालयात त्याने गाणे अर्ध्यावरच टाकले व तो रंगमंचावरून निघून गेला. त्यानंतर त्याने जाहीर गाणे जवळजवळ बंदच केले. मुलाखतींचीही तीच स्थिती. त्या काळी तबकडीचा खप गायकाच्या दौऱ्यांवर व वर्तमानपत्रांतील गाजावाजावर अवलंबून असे. ज्याने या दोन्ही गोष्टी टाळल्या, त्याची तबकडी दुकानात धूळ खात पडावी, यात दुकानदाराचा किंवा ग्राहकाचा फारसा दोष नाही.

दुसरी तबकडी 'ब्रायटर लेटर' ही १९७१च्या मार्चमध्ये निघाली. या वेळी बॉइड व कर्बी यांनी मुद्दाम प्रसन्न, भरगच्च साथ योजली. नामांकित वादक बोलाविले. ही तबकडी खपणारच, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात तीन हजार प्रतीही खपल्या नाहीत. त्याच सुमारास बॉइड यांनी आपली संस्था आयलंड कंपनीस विकली आणि चित्रपटसंगीताच्या कामासाठी ते अमेरिकेस निघून गेले. ड्रेकचा एक मोठा आधार गेला. परंतु जाताना बॉइड यांनी एक गोष्ट करून ठेवली. निक ड्रेकच्या तबकड्या कंपनीने आपल्या यादीतून कधीही काढून टाकू नयेत, अशी अट त्यांनी घातली. जी तबकडी खपत नाही ती यादीतून जाते व पुढे मिळेनाशी होते, हा धंद्याचा नियम. या एका अटीमुळे ड्रेकची गीते त्या नियमातून सुटली. कलावंताचा मित्र असावा तर असा. त्याने स्तुतिपर लेख लिहिला नाही, दार उघडे राहील एवढी व्यवस्था केली.

१९७१च्या ऑक्टोबरात ड्रेकने जॉन वुड यांना गाठले व नवीन गीते मुद्रित करावयाची आहेत असे सांगितले. रात्री उशिरा, दोन बैठकींत, ते काम झाले. या खेपेस व्हायोलिन नाही, ढोल नाही, कोणी साथीदार नाही. केवळ आवाज, गिटार, व एका गीतात त्यानेच वाजविलेला थोडासा पियानो. कंपनीत कोणालाही कल्पना नसता ही तबकडी तयार झाली. 'पिंक मून' या नावाने ती १९७२च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. तिची लांबी सुमारे अठ्ठावीस मिनिटे. आरंभी ती आधीच्या दोहोंइतकीही खपली नाही. आज अनेक जाणकार हीच त्याची सर्वोत्तम कृती मानतात.

येथपर्यंत त्याचे मन आजाराने ग्रासले गेले होते. १९७१ सालीच त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात आले होते. १९७२ साली काही आठवडे त्याला रुग्णालयात राहावे लागले. आणि अखेर तो टॅनवर्थच्या घरी आईवडिलांकडे परतला. कंपनीकडून आठवड्याला वीस पौंडांचे वेतन काही काळ मिळे, तेवढीच काय ती कमाई. वडिलांनी या काळात दैनंदिनी ठेवली. मुलगा आज जेवला की नाही, चार शब्द बोलला की नाही, मोटार घेऊन रात्री कोठे गेला, परत केव्हा आला, अशा बारीकसारीक नोंदी त्यांनी केल्या. रोग्याच्या उशाशी बसलेला माणूस जसे तापाचे अंक टिपतो तसे ते टिपीत होते. फरक इतकाच की या तापाला मोजण्याचे साधन नव्हते.

त्याच्याविषयीच्या दंतकथेचा मुख्य दोष या ठिकाणी उघड होतो. दुःखातून व मनाच्या व्याधीतूनच त्याची गीते जन्मली, असे भावनाप्रधान लेखक सांगतात. जणू काही व्याधी नसती तर गीतेही नसती. हकीकत याच्या उलट आहे. पहिल्या दोन तबकड्यांतील बहुतेक गीते विद्यार्थिदशेत व त्यानंतरच्या उमेदीच्या दिवसांत रचलेली आहेत. व्याधी बळावत गेली तसतसे रचणे मंदावत गेले. 'पिंक मून' नंतर जवळजवळ दोन वर्षे काहीच मुद्रित झाले नाही. १९७४ साली बॉइड व वुड यांच्या मदतीने तो पुन्हा मुद्रणशाळेत गेला, तेव्हा त्याची अवस्था अशी होती की, ज्याचा हात व गळा आजवर एकजीव चालत असत, त्याला एकाच वेळी वाजविणे व गाणे जमेना; आधी गिटार व मग आवाज असे निरनिराळे मुद्रण करावे लागले. व्याधीने त्याला गीते दिली नाहीत. व्याधीने त्याची गीते हिरावून नेली. मनाचा आजार हा हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजारासारखाच आजार आहे. त्याला प्रतिभेचे लक्षण समजणे म्हणजे रोग्यावर दुहेरी अन्याय करणे होय. एखाद्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याविषयी उघडपणे बोलावे, वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि तो एकदा घेऊन थांबू नये, एवढे तरी या चरित्रातून उचलण्यासारखे आहे.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी पहाटेच्या सुमारास टॅनवर्थच्या घरी निक ड्रेकचा मृत्यू झाला. तो जे औषध घेत असे त्याची मात्रा अधिक झाली होती. चौकशीत आत्महत्या असा निर्णय देण्यात आला. परंतु ते हेतुपुरस्सर होते की विपरीत घडलेला अपघात, याविषयी त्याच्या आप्तांत व स्नेह्यांत मतभेद राहिला, आणि तो तसाच सोडून देणे हेच सभ्यपणाचे आहे. गावातील सेंट मेरी मॅग्डलेन चर्चच्या आवारात, एका ओक वृक्षाखाली त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत.

यानंतरची कथा मुख्यतः त्या आईवडिलांची आहे. हळूहळू, एकेक दोनदोन करून, अनोळखी तरुण टॅनवर्थच्या दारी येऊ लागले. कोणी युरोपातून, कोणी अमेरिकेतून. कोठल्यातरी मित्राकडे ती तबकडी त्यांच्या कानी पडलेली असे. रॉडनी व मॉली ड्रेक त्यांना घरात घेत, चहा देत, मुलाची खोली दाखवीत, आणि घरच्या फितींच्या नकला सुद्धा कित्येकांना देत. पुत्रशोकाने दार लावून घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांनी दार उघडे ठेवले. १९७९ साली आयलंड कंपनीने त्याच्या सर्व तबकड्या 'फ्रूट ट्री' या नावाच्या संचात एकत्र काढल्या. १९८५ साली 'ड्रीम अ‍ॅकॅडमी' या वृंदाने आपले एक अत्यंत गाजलेले गीत त्याच्या स्मृतीस अर्पण केले, आणि हा ड्रेक कोण, असे हजारो लोक विचारू लागले. वडील १९८८ साली व मातोश्री १९९३ साली निवर्तल्या. मुलाच्या समाधिशिळेवरच त्यांचीही नावे कोरलेली आहेत.

मोठा लौकिक आला तो मात्र एका अनपेक्षित दिशेने. १९९९ साली अमेरिकेत फोक्सवॅगन मोटारीची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखविली जाऊ लागली. चार तरुण चांदण्या रात्री उघड्या मोटारीतून चालले आहेत, 'पिंक मून' हे गीत वाजते आहे. ते मेजवानीच्या घरापाशी येतात, तेथला गोंगाट पाहतात, आणि आत न जाता परत रस्त्याला लागतात. पुढील काही महिन्यांत त्या तबकडीच्या जितक्या प्रती खपल्या, तितक्या ड्रेकच्या सबंध हयातीत खपल्या नव्हत्या. मोटारीच्या विक्रीसाठी मृत कवीचे गीत वापरावे काय, हा वाद तेव्हा झाला व तो अस्थानी नव्हता. पण जाहिरात करणाऱ्याला एक गोष्ट अचूक कळली होती. ड्रेकचे गाणे सभेचे नव्हे. ते एकट्याने किंवा दोघा-चौघांनी, गोंगाटापासून दूर, रात्रीच्या वेळी ऐकण्याचे आहे. क्लबातील पेल्यांच्या खणखणाटात जे बुडून गेले, ते घराच्या खोलीत, कानाला लावलेल्या यंत्रातून नीट ऐकू आले. त्याचा आवाज लहान नव्हता. त्याला लागणारी शांतता त्या काळच्या बाजारात मिळत नव्हती. २००४ साली, मृत्यूला तीस वर्षे होत आली असता, त्याच्या एका गीताची इंग्लंडच्या खपाच्या यादीत प्रथमच नोंद झाली.

गॅब्रिएल ड्रेक यांनी भावाची पत्रे, वडिलांच्या दैनंदिनीतील उतारे व इतर कागदपत्रे एकत्र करून २०१४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि २०२३ साली रिचर्ड मॉर्टन जॅक यांचे विस्तृत चरित्रही आले. या साधार लेखनामुळे दंतकथेचे धुके बरेच विरले असून, त्यामागचा मेहनती, चोखंदळ, विनोदाची जाण असलेला तरुण दिसू लागला आहे. पण या साऱ्या कथेत सर्वांत समाधानाची गोष्ट निराळीच आहे. मुलाची कीर्ती वाढली तेव्हा रसिकांचे लक्ष त्या घरातील दुसऱ्या फितींकडे गेले. १९५०च्या दशकात रॉडनी ड्रेक यांनी कौतुकाने मुद्रित करून ठेवलेली मॉलीबाईंची गाणी २०१३ साली तबकडीच्या रूपाने सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. त्या वेळी ती गाणारी हयात नव्हती, ती जपणाराही नव्हता. आपल्याकडेही कित्येक घरांत आईच्या, आत्याच्या किंवा आजीच्या हातची गाण्यांची एखादी वही ट्रंकेच्या तळाशी पडलेली असते. ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, आणि गाणारी जवळ असेल तर तिला ते गाणे म्हणायला सांगावे.